संघ घडवावा कीं जमवावा?

क्रिकेटचा कसोटी सामना पांच दिवसांत संपतो आणि वीस षटकांचा सामना तर एका संध्याकाळींच आटोपतो. परंतु त्या सामन्याविषयींची चर्चा मात्र कधीं संपत नाहीं. कल्याणहून सकाळीं सुटणाऱ्या जलद गाडीच्या डब्यांत, ठाण्याच्या सेंट्रल मैदानाच्या कडेला, डोंबिवलीच्या फलाटावर ताटकळणाऱ्या घोळक्यांत ती बाराही महिने चालूं असते. काल कोणीं किती धांवा काढल्या, हा त्या चर्चेचा केवळ आरंभ. तिला खरा रंग चढतो तो निराळ्याच प्रश्नावर. पुढच्या हंगामांत कोणास घ्यावें, कोणास सोडावें, कोणत्या होतकरू मुलास संधि द्यावी, कोणत्या थकलेल्या वीराला सन्मानानें निरोप द्यावा, हा तो प्रश्न होय. डब्यांतील प्रत्येक उतारू त्या वेळीं निवडसमितीचा सभासद झालेला असतो. आणि त्याच्या निकालावर अपील नसतें, कारण तोंपर्यंत दादर आलेलें असतें.

ह्या मंडळींत सामान्यतः दोन पक्ष आढळतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, संघ जमवावा. ज्याच्याजवळ द्रव्य आहे त्यानें तयार खेळाडू विकत घ्यावे आणि आज जिंकावें. उद्यांची काळजी उद्यां. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, संघ घडवावा. कोवळीं मुलें हेरावीं, त्यांस शिकवावें, त्यांच्या चुका पोटांत घालाव्या आणि चार-पांच वर्षें वाट पाहावी. पहिला पक्ष सहसा तरुणांचा, दुसरा पिकल्या केसांचा. "काका, तुमचें पोर तयार होईपर्यंत आमच्या हातचे तीन करंडक गेलेले असतील," असें तरुण म्हणतो. "अरे बाबा, तूं ज्याला विकत घेणार, त्याला कोणीं तरी घडविलेंच असेल ना?" असें काका उत्तर देतात. ह्या एका उत्तरांत सगळ्या वादाचें मर्म सांठविलेलें आहे. म्हणून त्याचा थोड्या विस्तारानें विचार करणें उचित होईल.

जमविण्याचा मार्ग आज सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. २००८ सालापासून चालूं असलेल्या इंडियन प्रीमियर लीगमध्यें खेळाडूंचा लिलाव होतो. हा लिलाव म्हणजे केवळ थैलीचा खेळ नव्हे. त्याला नियमांचें कुंपण आहे. २०२५ च्या हंगामासाठीं नोव्हेंबर २०२४ मध्यें जेद्दा येथें जो मोठा लिलाव झाला, त्या वेळीं प्रत्येक संघास आपल्या सर्व खेळाडूंवर मिळून १२० कोटि रुपयांची मर्यादा होती. संघांत जास्तींत जास्त २५ खेळाडू, त्यांत परदेशी ८ च्या वर नाहींत, आणि प्रत्यक्ष मैदानावर उतरणाऱ्या ११ जणांत परदेशी ४ च, असा दंडक होता. त्या लिलावांत ऋषभ पंत ह्यांस लखनौच्या संघानें २७ कोटि रुपयांस घेतलें. एकावर २७ कोटि खर्चले म्हणजे बाकीच्या २४ जणांसाठीं ९३ कोटि उरले, हें गणित चौथ्या इयत्तेंतील मुलासही करतां येईल. तेव्हां ज्यानें मोठा मासा गळाला लावला, त्याला पुढें लहान मासे स्वस्तांत हुडकणें भागच पडतें. मोठ्या नांवांभोंवतीं अल्प मोलाच्या खेळाडूंची रांग असते, आणि पुष्कळदां स्पर्धेचा निकाल त्या रांगेवरच लागतो.

मुंबई इंडियन्स ह्या संघाचें उदाहरण घ्यावें. त्यानें २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशीं पांच विजेतेपदें मिळविलीं. त्या यशांत मोल देऊन आणलेल्या खेळाडूंचा वांटा होताच. परंतु २०१३ सालीं संघाचे प्रशिक्षक जॉन राइट ह्यांनीं गुजरातच्या एका सामन्यांत जसप्रीत बुमराह ह्या तेव्हां अपरिचित असलेल्या तरुणाची गोलंदाजी पाहून त्यांस संघांत ओढलें, आणि २०१५ मध्यें हार्दिक पंड्या अवघ्या १० लाखांस घेतले गेले, ह्या दोन गोष्टींचें मोल कोणत्याही कोटींच्या बोलीहून कमी नाहीं. उलट बाजूचेंही उदाहरण आहे. २०१८ सालीं दोन वर्षांच्या खंडानंतर चेन्नईचा संघ परत आला, तेव्हां त्यांत तिशी ओलांडलेल्यांचा इतका भरणा होता कीं, लोकांनीं म्हाताऱ्यांचा संघ म्हणून त्याची थट्टा केली. त्याच संघानें त्या वर्षीं करंडक जिंकला. परंतु २०२५ मध्यें तोच संघ गुणतक्त्यांत सर्वांत तळाशीं गेला. आणि हंगामाच्या मध्यावर त्याला विरारच्या १७ वर्षांच्या आयुष म्हात्रे ह्या मुलास बोलवावें लागलें. तात्पर्य, अनुभव विकत मिळतो, पण तो झिजतोही. आणि तो झिजूं लागला म्हणजे जमविणारा पक्षही घडविणाऱ्याच्या दारीं येतो.

हा वाद केवळ आपल्याकडचा आहे असें समजण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा जो खेळ आहे, आणि जो क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ म्हणावयास हरकत नाहीं, त्यांत हा वाद शंभर वर्षें जुना आहे. १९२० नंतरच्या दशकांत सेंट लुइस कार्डिनल्स ह्या संघाचे चालक ब्रँच रिकी ह्यांच्यापुढें अशी अडचण होती कीं, श्रीमंत संघ चांगले खेळाडू चढ्या भावानें उचलून नेत. रिकी ह्यांनीं त्यावर तोड काढली. लहान लहान शहरांतील संघ त्यांनीं आपल्या सत्तेखालीं आणले, होतकरू मुलांस तेथें ठेवलें आणि पायरीपायरीनें वर चढविलें. ठाणें जिल्ह्यांतील शेतकरी भाताचें रोप आधीं राबांत तयार करतो आणि मगच त्याची लावणी करतो. तशीच ही रीत, आणि तिला अमेरिकेंत नांवही शेताचेंच पडलें. १९२६ मध्यें त्या संघानें पहिल्या प्रथम जागतिक मालिका जिंकली. पुढें १९६५ पासून तेथें असा नियम झाला कीं, नव्या मुलांची निवड करतांना मागील हंगामांत पिछाडीस पडलेल्या संघास आधीं पाळी मिळावी. अशक्ताला आधार देण्याचा तो उपाय होता. २००२ सालीं ओकलंडच्या संघानें आणखी निराळी वाट चोखाळली. श्रीमंत संघांशीं बोलींत टिकाव लागणार नाहीं हें ओळखून त्याच्या चालकांनीं आंकड्यांच्या साह्यानें असे खेळाडू शोधले, कीं ज्यांचे गुण इतरांच्या नजरेंत भरले नव्हते. त्या वर्षीं तो संघ लागोपाठ २० सामने जिंकला. तेव्हां रोप वाढविणें, निवडीचा क्रम ठरविणें आणि आंकड्यांचा अर्थ लावणें, हीं तीनही अंगें तेथील रसिकांच्या वादांत नित्य येतात. आगगाडीच्या डब्यांतील काका आणि तरुण हे तेथेंही आहेतच.

मुंबईच्या क्रिकेटची थोरवी मात्र घडविण्याच्या मार्गानेंच आली. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ सालीं सुरू झाली आणि पहिलें विजेतेपद मुंबईनें मिळविलें. पुढें १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ १५ वर्षें तो करंडक मुंबईबाहेर गेला नाहीं. त्या काळीं लिलाव नव्हता. होती ती एक शिडी. शाळकरी मुलांसाठीं हॅरिस आणि गाइल्स ह्या ढालींच्या स्पर्धा. त्यांतून वर आलेल्यांसाठीं क्लबांचे सामने. १९४८ पासून ऐन पावसाळ्यांत खेळली जाणारी कांगा लीग. आणि नोकरदार खेळाडूंसाठीं बँका, कचेऱ्या व कारखाने ह्यांच्या संघांचे सामने. कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर चेंडू केव्हां उसळेल आणि केव्हां सरपटेल ह्याचा नेम नसे; भोंवतीं गवत इतकें माजलेलें असे कीं, जमिनीलगत मारलेला चेंडू सीमेपर्यंत पोंचणें कठीण. तेथें ज्याच्या तीस धांवा होत, त्याचें नांव जाणते लोक मनांत टिपून ठेवीत. ह्या शिडीची प्रत्येक पायरी मुलाची परीक्षा घेई. परंतु नापास झालेल्यास ती हांकलून देत नसे. पुढच्या आठवड्यांत तो पुनः मैदानावर हजर होई. हिंदु जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर ह्याच शिडीनें भारताच्या संघांत जाऊन पोंचला.

त्या वेळीं शिडीचा पाया दादर, माटुंगा, शिवाजी पार्क आणि गिरगांव ह्या भागांत होता. पुढें मुंबईंतील जागेचे भाव मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवांक्याबाहेर गेले आणि तीं कुटुंबें ठाणें, डोंबिवली, कल्याण अशा गांवीं जाऊन राहिलीं. २०११ च्या खानेसुमारींत ठाणें शहराची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारें साडेबारा लाख भरली. माणसें आलीं, घरें उठलीं; पण आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल हीं मोठीं मैदानें आपल्या जागींच राहिलीं. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि १८५४ मध्यें ती कल्याणास पोंचली, तेव्हां तिच्या चालकांच्या स्वप्नांतही आलें नसेल कीं, कधीं काळीं ही गाडी मुंबईच्या क्रिकेटची जीवनवाहिनी होईल. कल्याण ते बोरीबंदर हें अंतर सुमारें ५४ किलोमीटर आहे. खांद्यावर स्वतःच्या उंचीएवढी थैली घेऊन जो मुलगा पहांटे हें अंतर तोडतो आणि रात्रीं परत येतो, त्याची निम्मी कसोटी खेळपट्टीवर पाऊल पडण्यापूर्वींच झालेली असते.

ह्या मार्गानें गेलेल्या कांहीं खेळाडूंचीं चरित्रें पाहण्यासारखीं आहेत. १९७३ सालीं डोंबिवलींत जन्मलेले नीलेश कुलकर्णी ह्यांनीं ऑगस्ट १९९७ मध्यें कोलंबो येथें कसोटी क्रिकेटमधील आपल्या पहिल्याच चेंडूवर मार्वन अटापट्टू ह्यांस बाद केलें. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय होत. परंतु त्याच डावांत श्रीलंकेनें ६ बाद ९५२ धांवांचा डोंगर रचला, आणि ७० षटकें टाकूनही कुलकर्णी ह्यांस दुसरा गडी मिळाला नाहीं. त्यांच्या वांट्यास अवघे तीन कसोटी सामने आले. तथापि मुंबईच्या संघासाठीं ते पुढें अनेक वर्षें गडी बाद करीत राहिले, आणि खेळ सोडल्यावर त्यांनीं क्रीडाव्यवस्थापनाचें शिक्षण देणारी संस्था मुंबईंत काढली. पहिल्या चेंडूवरून माणसाचें भविष्य वर्तवूं नये आणि शेवटच्या चेंडूवरून त्याची किंमत करूं नये, हा धडा डोंबिवलीकरांस घरच्या घरींच मिळालेला आहे.

अजिंक्य रहाणे ह्यांचें बालपण डोंबिवलींत गेलें. खर्चाचें शिक्षण परवडण्याजोगें नव्हतें, म्हणून त्यांच्या वडिलांनीं सातव्या वर्षीं त्यांस तेथील एका लहानशा वर्गांत घातलें. तेथें खेळपट्टी चटईची होती. रहाणे ह्यांनीं स्वतः सांगितलेली एक हकीकत अशी कीं, आई एका हातावर धाकट्या भावास आणि दुसऱ्या हातांत खेळाच्या साहित्याची थैली घेऊन त्यांस मैदानावर पायीं पोंचवी, कारण रिक्षाचे पैसे नसत. पहिल्या दिवशीं वडील त्यांच्याबरोबर बोरीबंदरपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मुलास एकटें जाण्यास सांगितलें, परंतु स्वतः मागच्या डब्यांत बसून तो नीट पोंचतो कीं नाहीं हें पाहत राहिले. खेळाडू घडविण्याची सारी विद्या ह्या एका गोष्टींत आहे. मुलास एकटें सोडावें, पण डब्याआड लक्ष ठेवावें. हाच मुलगा पुढें डिसेंबर २०२० मध्यें मेलबोर्न येथें भारताचा कर्णधार म्हणून शतक झळकविता झाला, आणि ती मालिका भारतानें जिंकली.

रोहित शर्मा ह्यांचे आईवडील डोंबिवलीच्या एका खोलींत राहत, आणि मुलगा बोरिवलीस आजोबांकडे असे. सुटीच्या दिवशीं तो डोंबिवलीस येई. तो त्या वेळीं फिरकी गोलंदाज होता. प्रशिक्षक दिनेश लाड ह्यांनीं त्यास आपल्या शाळेंत आणलें, फीची अडचण शिष्यवृत्ति मिळवून दूर केली, आणि एके दिवशीं त्याची फलंदाजी पाहून त्यास खालच्या क्रमांकावरून सलामीस आणलें. २०१४ मध्यें कलकत्त्यास एका एकदिवसीय सामन्यांत २६४ धांवा काढणारा फलंदाज त्या शाळकरी गोलंदाजाच्या अंगांत लपलेला होता, तो लाड ह्यांच्या नजरेस पडला. कल्याणच्या तुषार देशपांडे ह्यांची गोष्ट ह्याच्या नेमकी उलट आहे. ते शिवाजी पार्क जिमखान्याच्या निवडचांचणीस फलंदाज होण्याच्या इच्छेनें गेले होते. परंतु फलंदाजांची रांग फार मोठी आणि गोलंदाजांची लहान. घरीं परतण्यास उशीर होईल म्हणून ते लहान रांगेंत जाऊन उभे राहिले, आणि गोलंदाज म्हणून निवडले गेले. २०२४ च्या जुलैमध्यें त्यांनीं भारताच्या संघांतून पहिला सामना खेळला. पालघर हें गांव २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच होतें. तेथून शार्दुल ठाकूर नित्य गाडीनें मुंबईस येत. त्यांची ही दगदग पाहून लाड ह्यांनीं त्यांस कांहीं काळ आपल्या घरींच ठेवून घेतलें. त्याच ठाकूरांनीं जानेवारी २०२१ मध्यें ब्रिस्बेन येथें पहिल्या डावांत ६७ धांवा आणि सामन्यांत ७ गडी अशी कामगिरी करून भारताच्या ऐतिहासिक विजयास हातभार लावला.

ह्या सर्व चरित्रांचें फळ २०२३-२४ च्या रणजी हंगामांत एकत्र दिसलें. मुंबईचे कर्णधार रहाणे होते. उपांत्यपूर्व सामन्यांत बडोद्याविरुद्ध दहाव्या क्रमांकावरील तनुष कोटियन ह्यांनीं नाबाद १२० आणि अकराव्या क्रमांकावरील तुषार देशपांडे ह्यांनीं १२३ धांवा काढल्या. शेवटच्या जोडीनें २३२ धांवांची भर घातली. उपांत्य सामन्यांत तमिळनाडूविरुद्ध मुंबईची अवस्था ७ बाद १०६ अशी झाली असतांना शार्दुल ठाकूर ह्यांनीं १०९ धांवा करून डाव सांवरला. अंतिम सामन्यांत विदर्भाचा १६९ धांवांनीं पराभव करून मुंबईनें ४२ व्या वेळीं करंडक मिळविला. ज्या माणसाला लहानपणीं फलंदाजांच्या रांगेंत उभें राहण्यास वेळ नव्हता, त्यानें अकराव्या क्रमांकावर येऊन शतक ठोकावें, हा योगायोग खरा. पण घडविलेल्या मुलाच्या अंगीं किती गुण दडलेले असतात, ह्याचें ह्याहून स्पष्ट प्रमाण कोणतें?

येथें तरुण पक्ष विचारील कीं, मग ह्या मुलांचा लाभ घरच्या संघास झाला कोठें? हा प्रश्न रास्त आहे. लिलावाच्या रीतीप्रमाणें डोंबिवलीचा रोहित पहिलीं तीन वर्षें हैदराबादच्या संघाकडून खेळला, आणि २०११ मध्यें मुंबई इंडियन्सला आपल्या दारांतला मुलगा बाजारांत जाऊन विकत आणावा लागला. तुषार देशपांडे चेन्नईकडून खेळून २०२३ च्या विजेतेपदाचे मानकरी झाले. शार्दुल ठाकूर ह्यांस तर नोव्हेंबर २०२४ च्या लिलावांत कोणीच बोली लावली नाहीं. मागाहून एका गोलंदाजास दुखापत झाली म्हणून लखनौनें त्यांस घेतलें, आणि दुसऱ्याच सामन्यांत त्यांनीं ४ गडी बाद केले. रहाणे ह्यांस २०२३ साठीं चेन्नईनें अवघ्या ५० लाखांस घेतलें, आणि उतार लागला असें ज्यांच्याविषयीं बोललें जात होतें, त्या रहाण्यांनीं त्या हंगामांत नव्या दमानें फलंदाजी केली. ह्यावरून दिसतें कीं, बाजार भाव सांगतो, गुण सांगत नाहीं. आणि आणखी एक गोष्ट दिसते. ज्यानें रोप वाढविलें त्याला पिकाचा वांटा क्वचितच मिळतो. चटईच्या खेळपट्टीवर सातव्या वर्षीं बॅट कशी धरावी हें शिकविणाऱ्याचें नांव कोणत्याही लिलावाच्या यादींत नसतें.

आतां ह्या विषयाची दुसरी, अधिक नाजूक बाजू. ४ आणि ५ जानेवारी २०१६ ह्या दोन दिवसांत कल्याण येथें आंतरशालेय भंडारी करंडकाच्या सामन्यांत प्रणव धनावडे ह्या १५ वर्षांच्या मुलानें नाबाद १००९ धांवा काढल्या. त्यांत १२९ चौकार आणि ५९ षटकार होते. १८९९ सालीं इंग्लंडांत ए. ई. जे. कॉलिन्स ह्या शाळकरी मुलानें केलेला नाबाद ६२८ धांवांचा विक्रम ११६ वर्षांनंतर मोडला. रिक्षा चालविणाऱ्या बापाच्या ह्या मुलाचें नांव एका रात्रींत जगभर गेलें. मुंबई क्रिकेट असोसिएशननें त्यास पांच वर्षांसाठीं दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ति दिली. परंतु डब्यांतील चर्चेंत जी गोष्ट फार थोड्यांनीं विचारांत घेतली ती ही कीं, प्रतिपक्षाचे दोन डाव अनुक्रमें ३१ आणि ५२ धांवांत संपले होते, आणि समोरचीं मुलें वयानें व अनुभवानें पुष्कळ लहान होतीं. ह्यांत त्या मुलाचा दोष तिळमात्र नाहीं. समोर जो चेंडू आला तो त्यानें मारला, आणि दोन दिवस न थकतां मारला. तेवढी एकाग्रता हाही एक गुणच आहे. दोष झाला तो पाहणाऱ्यांच्या दृष्टीचा. आंकडा मोठा दिसला म्हणून मुलगाही तेवढाच मोठा झाला असें त्यांनीं ठरविलें, आणि एका शाळकरी पोराच्या खांद्यावर हजार धांवांचें ओंझें ठेवलें. पुढें मनासारख्या धांवा होईनात, तेव्हां २०१७ च्या अखेरीस त्याच्या वडिलांनीं पत्र लिहून ती शिष्यवृत्ति थांबविण्याची विनंती केली. मुलगा खेळून दाखवील तेव्हां ती पुनः द्यावी, असा त्यांचा भाव होता. बेताच्या मिळकतीच्या माणसानें घेतलेल्या पैशाचा एवढा हिशेब ठेवावा, ही गोष्ट त्या हजार धांवांहून लहान नव्हे.

आंकडे खोटे बोलत नाहींत, पण ते अर्धवट बोलतात. धांवा कोणासमोर झाल्या, सीमा किती दूर होती, खेळपट्टी कशी होती, मुलगा त्या दिवशीं कोणता नवा डांव शिकत होता, हें धांवफलकावर लिहिलेलें नसतें. शाळेंतील परीक्षेंतही असेंच घडतें. शंभरांपैकीं पंचाण्णव गुण मिळविणारा मुलगा कधीं पाठांतरावर तरलेला असतो, आणि साठ मिळविणारा एखादें प्रमेय स्वतःच्या बुद्धीनें सोडवीत असतो. चांगला शिक्षक दोघांनाही ओळखतो. चांगला प्रशिक्षकही तसाच असतो. लाड ह्यांनीं गोलंदाजांत फलंदाज पाहिला, तो कोणत्याही तक्त्यांत नव्हता.

तेव्हां संघ घडवावा कीं जमवावा, ह्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येणार नाहीं. जमविल्यावांचून तूर्तची नड भागत नाहीं, आणि घडविल्यावांचून जमविण्याजोगें कांहीं उरत नाहीं. विहिरीवर पोहरे कितीही असोत, झरा आटला तर त्यांचा उपयोग नाहीं. ठाणें, कल्याण आणि डोंबिवली हीं आज तो झरा आहेत. आणि झरा वाहता ठेवणें हें काम गांवकऱ्यांचेंही आहे.

त्यासाठीं काय केलें पाहिजे, हें फार गहन नाहीं. पहिली गोष्ट मैदानें. ठाण्यास दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृह आहे, डोंबिवलीस सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल आहे, कल्याणास सुभाष मैदान आहे. परंतु लाखों वस्तीच्या शहरांस एवढ्या जागा पुऱ्या पडत नाहींत, आणि मोकळी जमीन एकदां हातची गेली म्हणजे परत मिळत नाहीं. दुसरी गोष्ट मातीच्या चांगल्या खेळपट्ट्या. चटईवर चेंडू सरळ आणि उंच येतो; मातीवर सकाळच्या ओलाव्यांत तो वळतो, दुपारीं मंद होतो, तिसऱ्या दिवशीं फिरकी घेतो. चटईवर वाढलेल्या मुलास मातीची संवय गांवांतच लागली, तर त्याचीं दोन वर्षें वांचतील. तिसरी गोष्ट सामने. जाळींतील सरावानें हात तयार होतो, मन तयार होतें तें सामन्यांतच; आणि ते सामने घराजवळ मिळाले, तर प्रवासांत जाणारे चार तास अभ्यासास व झोंपेस मिळतील.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिला एक पैही लागत नाहीं. शंभर मुलें पहांटेच्या गाडींत चढतात, तेव्हां त्यांतील एखादाच मुंबईच्या संघापर्यंत पोंचतो. बाकीच्यांचें काय? पूर्वीं बँका आणि कचेऱ्या खेळाडूंस नोकऱ्या देत, त्यामुळें खेळांत कीर्ति न मिळाली तरी संसारास आधार मिळे. तो आधार आतां पुष्कळ क्षीण झाला आहे. म्हणून मुलाची शाळा सुटूं न देणें, त्याला पंच, धांवलेखक, प्रशिक्षक, मैदानाचा जाणकार अशा वाटा वेळींच दाखविणें, आणि संघांत निवड झाली नाहीं म्हणजे आयुष्य फुकट गेलें असें त्याच्या कानीं पडूं न देणें, हें आईबापांचें, शिक्षकांचें आणि त्याहून अधिक रसिकांचें कर्तव्य आहे. प्रौढ खेळाडूवर टीका खुशाल करावी. तो त्याचें मोल घेतो. परंतु पंधरा वर्षांच्या पोराविषयीं फलाटावर बोलतांना जिभेला थोडा लगाम असावा. तो मुलगा त्याच फलाटावर, त्याच घोळक्यांत, थैली पायांशीं ठेवून उभा असण्याचा संभव असतो.

श्रोतेहो, चांगल्या रसिकाची ओळख तो कोणत्या संघाचा पक्ष घेतो ह्यावरून होत नाहीं. ज्या मुलाचें नांव अजून कोणासही ठाऊक नाहीं, त्याचा सामना पाहण्यास रविवारच्या उन्हांत जो एखादा तास काढून मैदानाच्या कडेला बसतो, तो खरा रसिक. अशा रसिकांची संख्या ठाण्यापासून कल्याणपर्यंत वाढली, तर संघ घडविण्याची चिंता निवडसमितीस फारशी करावी लागणार नाहीं, आणि जमविणाऱ्यांसही बाजारांत चांगला माल मिळत राहील.